आकड्यामागचं शून्य

कृष्णेला पूर येऊ लागला की सगळी सांगली एका आकड्याकडे डोळे लावून बसते. आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी ४० फुटांवर गेली की इशारा, ४५ फुटांवर गेली की धोका. कोल्हापुरात हेच काम राजाराम बंधारा करतो. तिथे पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. त्याच वेळी दोन्ही शहरांत आणखी एका आकड्याची चर्चा चाललेली असते, कृष्णेवरच्याच, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची. धरण पूर्ण भरलं की तिथली पातळी ५१९.६० मीटर असते. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात या तिन्ही ठिकाणांकडे दोन्ही जिल्ह्यांतल्या घराघराचं लक्ष लागलं होतं.

हे तीन आकडे एकमेकांतून वजा करता येत नाहीत. एक फुटात आणि एक मीटरमध्ये आहे एवढीच अडचण असती, तर ती शाळेतल्या मुलानेही सोडवली असती. खरी अडचण अशी, की तिघांची मोजणी तीन वेगळ्या जागांपासून सुरू होते. अलमट्टीची पातळी समुद्रसपाटीपासून मोजलेली आहे. आयर्विन पुलाची पातळी तिथल्या मोजपट्टीवरची आहे, आणि त्या पट्टीचं शून्य त्या जागेपुरतं ठरवलेलं आहे. राजाराम बंधाऱ्याच्या पट्टीचं शून्य आणखी वेगळं.

सांगलीकराचं यात काही अडत नाही. किती फुटांना आपल्या गल्लीच्या तोंडाशी पाणी येतं आणि किती फुटांना उंबऱ्याला लागतं, हे त्याला पाठ असतं. पट्टीचं शून्य त्याच्या रोजच्या पायवाटेवरच आहे. अडतं ते आकडा सांगली सोडून निघाला की. महाबळेश्वरापासून अलमट्टीपर्यंतच्या नदीचं गणित संगणकावर मांडायला बसलेल्या माणसाला सांगलीचा आकडा मिळतो, कोल्हापूरचा मिळतो, धरणाचा मिळतो. पण तिघांची शून्यं मिळाल्याशिवाय पाणी कुठून कुठे उतरतंय, हे त्याला सांगता येणार नाही.

भौगोलिक माहितीचा प्रत्येक आकडा असा कुठल्या तरी शून्यापासून मोजलेला असतो. आकडा प्रवासाला निघतो तेव्हा ते शून्य बहुतेक वेळा घरीच राहतं, कारण घरातल्यांना ते वेगळं सांगावं लागत नाही. एका संगणक यंत्रणेने दुसरीला नकाशा देण्यासाठी जी खुली मानकं तयार झाली आहेत, त्यांच्या तांत्रिक कागदपत्रांची पानं हजारोंनी भरतील. पण त्यांच्या गाभ्याशी काम एकच आहे. आकड्यासोबत त्याचं शून्यही पाठवायचं, आणि ते अशा रीतीने लिहायचं, की ज्याची आपली कधी भेटही होणार नाही अशा माणसाच्या यंत्रालाही ते वाचता यावं.

मुंबईचंच घ्या. पावसाळ्यात ‘आज समुद्रात साडेचार मीटरच्या लाटा’ अशी बातमी दरवर्षी येते. तो आकडा लाटेच्या उंचीचा नसतो, भरतीच्या पाण्याच्या पातळीचा असतो. शिवाय तो समुद्रसपाटीपासून मोजलेला नसतो. जहाजांना खडक आणि गाळ चुकवायचे असतात, म्हणून बंदराचे नकाशे ओहोटीच्या अगदी तळाची पातळी शून्य धरतात. मुंबईची सरासरी समुद्रपातळी त्या शून्याच्या सुमारे अडीच मीटर वर आहे. म्हणजे साडेचार मीटरची भरती सरासरी पाण्याच्या जेमतेम दोन मीटर वर चढते. आता शहरातल्या रस्त्याची उंची सरासरी समुद्रपातळीपासून मोजलेली असेल, तर ती आणि भरतीचा आकडा सरळ शेजारी ठेवून चालणार नाही. शहरात तिसरं शून्यही आहे. टाउन हॉलच्या, म्हणजे आजच्या एशियाटिक सोसायटीच्या इमारतीच्या पायऱ्यांशी बांधलेलं ‘टाउन हॉल डेटम’ महापालिकेच्या जुन्या कामांत वापरलं गेलं. गटाराचं तोंड एका शून्यावरून, भरती दुसऱ्यावरून आणि रस्ता तिसऱ्यावरून मोजलेला असताना मुसळधार पावसात कुठे पाणी तुंबेल याचा नकाशा करायचा, तर पहिलं काम ही शून्यं जुळवण्याचं असतं.

चौथं शून्य आपल्या प्रत्येकाच्या खिशात आहे. जीपीएसला समुद्र ठाऊक नसतो. पृथ्वीचा गुळगुळीत, गणिती आकार धरून तो उंची काढतो. भारताच्या परिसरात खरी समुद्रसपाटी या गणिती पृष्ठभागाच्या बरीच खाली आहे, मुंबईजवळ साठ मीटरच्या आसपास. म्हणून दुरुस्ती न केलेली जीपीएसची उंची जुहूच्या वाळूवर उणे साठच्या घरात दिसते. यंत्र बिघडलेलं नसतं. त्याचं शून्य वेगळं असतं.

मग शून्यांमधला फरक माहीत असला की झालं का? नाही, आणि याचा मोठा दाखला युरोपात आहे. ऱ्हाइन नदीवर लाउफेनबुर्ग नावाचं गाव आहे. नदीच्या एका काठाला जर्मनी, दुसऱ्या काठाला स्वित्झर्लंड, आणि दोन्हीकडे गावाचं नाव तेच. तिथे दोन्ही देशांनी दोन्ही काठांवरून नवा पूल बांधायला घेतला. जर्मनीची उंची उत्तर समुद्रावरून मोजली जाते, स्वित्झर्लंडची भूमध्य समुद्रावरून. दोन्ही शून्यांत २७ सेंटिमीटरचा फरक आहे आणि तो अभियंत्यांना आधीपासून ठाऊक होता. त्यांनी तो हिशेबात धरलाही. पण चिन्ह उलटं पडलं, अधिकच्या जागी उणे झालं. फरक मिटायचा तो दुप्पट झाला, ५४ सेंटिमीटर. २००३ मध्ये बांधकाम चालू असताना हे लक्षात आलं आणि जर्मन बाजू खाली घेऊन पूल जुळवावा लागला.

या प्रसंगाकडे निष्काळजीपणाची गोष्ट म्हणून पाहणं मला अपुरं वाटतं. ती माणसं हुशार होती, सावध होती आणि त्यांना फरक माहीत होता. कमी एवढंच पडलं, की तो फरक माणसांच्या टिपणांत आणि बोलण्यात होता. आकड्याला चिकटलेला नव्हता. ‘ही उंची अमुक पातळीपासूनची’ हे आकड्यासोबतच यंत्राला कळेल अशा ठरलेल्या रीतीने लिहिलेलं असतं, तर अधिक की उणे हा प्रश्न माणसाच्या वाट्याला आलाच नसता. रूपांतराचं सूत्र एकदाच तपासून ठेवायचं आणि पुढे प्रत्येक वेळी तेच वापरायचं. शून्य माहीत असणं आणि ते लिहिलेलं असणं यांतलं अंतर लाउफेनबुर्गमध्ये ५४ सेंटिमीटर भरलं.

उंचीचं जे, तेच जागेचं. अक्षांश-रेखांश सगळ्या जगाचे एकच असतात अशी आपली शाळेपासूनची समजूत असते. ती खरी नाही. पृथ्वी नेमकी किती मोठी, किती चपटी आणि तिचा मध्य कुठे, हे आधी ठरवल्याशिवाय अक्षांश काढता येत नाही. भारतात हे काम विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ सुरू केलं. दक्षिणेकडून उत्तरेकडे त्रिकोणांची साखळी जोडत तो दोन दशकं चालत राहिला आणि १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. पुढचं काम जॉर्ज एव्हरेस्टने नेलं. त्या मोजणीतून पृथ्वीचा जो आकार निघाला, तो ‘एव्हरेस्ट १८३०’ या नावाने ओळखला जातो. भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे दीड शतकाहून जास्त काळ त्यावर आधारलेले होते.

तो आकार भारताच्या भूभागाला चपखल बसावा म्हणून काढलेला होता, त्यामुळे त्याचा मध्य पृथ्वीच्या खऱ्या मध्यापासून शेकडो मीटर बाजूला आहे. त्याची विषुववृत्तीय त्रिज्याही आज जीपीएस वापरतो त्या ‘डब्ल्यूजीएस ८४’ आकारापेक्षा सुमारे ८६० मीटरने कमी आहे. परिणाम असा, की विभागाच्या जुन्या नकाशावरून, म्हणजे टोपोशीटवरून, एखाद्या देवळाचे अक्षांश-रेखांश वाचून ते तसेच मोबाइलमध्ये टाकले, तर आपल्याकडे खूण शंभरेक मीटर सरकते. देऊळ सरकून विहिरीवर जातं. दोन्ही आकडे बरोबर असतात, दोन्ही मोजणाऱ्यांनी जीव ओतून मोजलेलं असतं. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने सर्वसामान्यांसाठीची नकाशांची मालिका डब्ल्यूजीएस ८४ वर आणली. पण जुने कागद आणि त्यांवरून तयार झालेल्या फाइली अजून कार्यालयांत, अभ्यासकांच्या कपाटांत आणि संगणकांत आहेत. त्यांतल्या प्रत्येकीच्या बाबतीत ‘शून्य कोणतं?’ हा प्रश्न आज ना उद्या कोणाला तरी पडणारच.

महाराष्ट्राला आणखी एक अडचण आहे, आणि ती मला विशेष महत्त्वाची वाटते, कारण ती रोजच्या कामातली आहे. मोजमापासाठी अंशांपेक्षा मीटर सोयीचे, म्हणून यूटीएम नावाच्या पद्धतीत पृथ्वीच्या ६ अंश रुंदीच्या उभ्या पट्ट्या केल्या आहेत. प्रत्येक पट्टीत आकडे नव्याने सुरू होतात. आपलं राज्य दोन पट्ट्यांत वाटलं गेलंय. मुंबईपासून अमरावतीपर्यंतचा भाग ४३ व्या पट्टीत येतो, आणि यवतमाळ, वर्धा, नागपूर ही शहरं ४४ व्या. त्यामुळे एकच आकड्यांची जोडी दोन्ही पट्ट्यांत दोन वेगळ्या जागा दाखवते. नागपूरचे मीटरमधले आकडे घ्या, पट्टीचा क्रमांक गाळा आणि मुंबईच्या सवयीने ४३ धरा. खूण गुजरातेत बारडोलीजवळ पडेल. सहाशे किलोमीटरची ही चूक निदान दिसते तरी. शंभर मीटरची चूक दिसत नाही, म्हणून ती जास्त घातक.

आता हे शून्य लिहितात कसं, ते जवळून पाहू. नकाशाच्या कामात सर्वांत जास्त फिरणारी फाइल म्हणजे ‘शेपफाइल’. नाव एका फाइलचं असलं तरी ती तीन-चार फाइलींची जुडी असते. एसएचपीत आकृत्या, एसएचएक्समध्ये त्यांची अनुक्रमणिका, डीबीएफमध्ये माहितीचा तक्ता. या तिन्ही सक्तीच्या. चौथी पीआरजे. ती साध्या मजकुराची फाइल आहे, नोटपॅडमध्ये उघडते. आत एकच लांबलचक ओळ असते. डब्ल्यूजीएस ८४ च्या ओळीत आधी पद्धतीचं नाव, मग डेटम, म्हणजे मोजणीचं शून्य, मग पृथ्वीच्या आकाराचं नाव आणि त्याची त्रिज्या ६३७८१३७ मीटर, चपटेपणाचा आकडा २९८.२५७२२३५६३, मग रेखांश ग्रिनिचपासून मोजलेत ही नोंद, आणि शेवटी अंश या एककाची व्याख्या. एवढंसं लिहिलेलं असलं की जगातला कुठलाही संगणक ती जुडी योग्य जागी मांडू शकतो. पण ही चौथी फाइल सक्तीची नाही. ईमेल करताना, पेनड्राइव्हवर घेताना ती मागे राहते, आणि उरलेल्या तिन्ही फाइली नकाशा बिनतक्रार उघडतात. सगळा नकाशा अचूक दिसतो, फक्त कुठला ते कळत नाही. जिच्यात शून्य लिहिलेलं, तीच फाइल ऐच्छिक ठेवली गेली, ही त्या रचनेतली खरी उणीव.

तेवढी लांब ओळ दरवेळी लिहायला नको म्हणून तिला क्रमांक देण्याची रीत पडली. ती पाडली युरोपातल्या तेल कंपन्यांच्या सर्वेक्षकांनी. त्यांच्या गटाच्या नावावरून या क्रमांकांना आजही ईपीएसजी कोड म्हणतात. समुद्रात विहीर खणायची तर जागा चुकवून चालत नाही, आणि ते ज्या देशांत काम करत त्या प्रत्येक देशाचं शून्य निराळं. ती यादी आज सर्वांना मोफत पाहता येते. ४३२६ म्हणजे डब्ल्यूजीएस ८४ चे अक्षांश-रेखांश, ३२६४३ म्हणजे मुंबई-पुण्याची यूटीएम पट्टी, ३२६४४ म्हणजे नागपूरची. वर सांगितलेली बारडोलीची चूक टाळायला हा एक पाच आकडी क्रमांक पुरे.

तरीही एक प्रश्न उरतो, आणि त्याने फार माणसांचा वेळ खाल्ला आहे. आधी अक्षांश लिहायचा की रेखांश? नाविक आणि सर्वेक्षक पिढ्यान्‌पिढ्या अक्षांश आधी सांगतात, आणि ४३२६ ची अधिकृत व्याख्याही तेच सांगते. आलेखाचे आडवे-उभे अक्ष डोक्यात असलेला प्रोग्रामर आडवा, म्हणजे रेखांश आधी लिहितो. पुणे १८.५२ आणि ७३.८६. क्रम उलटा झाला तर पुणे नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर नावाच्या बेटाच्या दक्षिणेकडच्या गारठलेल्या समुद्रात जातं. नकाशे पुरवण्याच्या ‘वेब मॅप सर्व्हिस’ या मानकाच्या आधीच्या आवृत्त्यांत ४३२६ साठी रेखांश आधी होता. २००४ च्या १.३.० आवृत्तीने अधिकृत व्याख्येप्रमाणे अक्षांश आधी आणला. त्यामुळे जुनी आणि नवी यंत्रणा बोलू लागल्या की देशच्या देश आडवे पडत. व्याख्या पाळली हे योग्यच झालं, पण चालू असलेला वापर मोडला. मानक करणाऱ्यांना असे निर्णय घ्यावे लागतात आणि दोन्ही बाजूंनी बोल खावे लागतात.

हे वेब मॅप सर्व्हिस मानक ज्या संस्थेचं, त्या ओपन जिओस्पेशियल कन्सॉर्शियमची स्थापना १९९४ ची. अमेरिकन लष्कराच्या बांधकामविषयक प्रयोगशाळेत १९८० च्या दशकात ‘ग्रास’ नावाची नकाशांची प्रणाली तयार झाली. ती सर्वांना खुली होती. तिच्याभोवती जमलेल्या मंडळींतून ही संस्था उभी राहिली. तेव्हा प्रत्येक कंपनीच्या सॉफ्टवेअरची नकाशे साठवायची रीत वेगळी होती. एका खात्याने एक सॉफ्टवेअर घेतलं, शेजारच्या खात्याने दुसरं, की दोघांचे नकाशे कागदावर छापूनच एकत्र यायचे. सगळ्यांनी एकच सॉफ्टवेअर घ्यावं हा एक उपाय होता. या मंडळींनी दुसरा निवडला. सॉफ्टवेअर ज्याचं त्याला असू दे, बोलण्याची रीत एक ठेवायची.

२००० मध्ये आलेली वेब मॅप सर्व्हिस ही रीत किती साधी आहे ते पाहण्यासारखं आहे. माझा संगणक आधी समोरच्या सर्व्हरला एकच विचारतो, ‘तुझ्याकडे काय काय आहे?’ सर्व्हर यादी पाठवतो. हे हे लेयर आहेत, त्यांची नावं ही, ते पृथ्वीच्या एवढ्या भागाचे आहेत, या या क्रमांकाच्या पद्धतींत देता येतील, चित्र या या प्रकारात मिळेल. मग माझा संगणक मागणी करतो. अमुक लेयर, या चौकटीतला भाग, या क्रमांकाच्या पद्धतीत, इतके पिक्सेल रुंद, इतके उंच. सर्व्हर चित्र पाठवतो. झालं. इस्रोच्या ‘भुवन’वरचे लेयर अशाच रीतीने घेता येतात. महाराष्ट्रातला विद्यार्थी क्यूजीआयएससारखं मोफत सॉफ्टवेअर उघडून त्यात पत्ता टाकतो आणि भुवनचा नकाशा स्वतःच्या गावच्या नकाशाखाली बसवतो. त्यासाठी त्याला कोणाला अर्ज करावा लागत नाही, आणि पलीकडच्या अभियंत्याला हा विद्यार्थी आहे हेही कळण्याची गरज नसते. पद्धतीचा क्रमांक मागणीतच असल्याने शून्य मागे राहायला जागा उरत नाही.

खुलेपणाचं मोल इथे दिसतं. बंद रीतीतही शून्य नीट लिहिता येतं, पण ते वाचण्याची किल्ली मालकाकडे असते. आराखड्यांसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या डीडब्ल्यूजी फाइलची पूर्ण रचना तिच्या कंपनीने आजवर जाहीर केलेली नाही. इतरांनी ती खटपट करून उलगडली. शेपफाइलही एका कंपनीचीच, पण १९९८ मध्ये कंपनीने तिची रचना लिहून प्रसिद्ध केली आणि म्हणूनच ती सगळीकडे चालू लागली. आपल्या विकास आराखड्यांचं आयुष्य वीस वर्षांचं असतं, जमिनीच्या नोंदींचं शंभराहून जास्त. एवढ्या काळात कोणती कंपनी असेल आणि कोणती नसेल, हे कोण सांगणार? लोकांच्या पैशातून मोजलेला नकाशा वाचायला कोणाची परवानगी लागू नये, असं माझं ठाम मत आहे. मानकाचा कागदसुद्धा मोफत असावा. वर सांगितलेल्या कन्सॉर्शियमची मानकं कोणीही उतरवून घेऊ शकतो. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेची, म्हणजे आयएसओची, मात्र विकत घ्यावी लागतात. तालुक्याच्या गावात बसलेल्या तरुण प्रोग्रामरसाठी हा फरक फार मोठा आहे.

पाण्याच्या पातळीसाठीही असं मानक २०१२ पासून आहे, ‘वॉटरएमएल २.०’ या नावाचं. त्यात मोजणीच्या ठिकाणाच्या वर्णनातच उंची कुठल्या शून्यापासूनची आणि वेळ कुठल्या प्रदेशाची, यासाठी रकाने आहेत. दोन राज्यांमधून वाहणाऱ्या नदीला असे रकाने भरलेले असणं किती गरजेचं आहे, हे कृष्णाकाठाला वेगळं सांगायला नको.

शून्याचा प्रश्न मुळातूनच सोडवायचा आणखी एक मार्ग आहे. सगळ्यांनी एकच शून्य घ्यायचं. वेळेच्या बाबतीत आपण तो घेतला. देशाची प्रमाणवेळ १९०६ मध्ये लागू झाली, तरी मुंबईने ३९ मिनिटं मागे असलेली स्वतःची वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती. आज ती कोणाला आठवतही नाही. नकाशांत हा मार्ग ‘जिओजेसन’ने घेतला. २००८ मध्ये काही स्वयंसेवी मंडळींनी केलेल्या या सुटसुटीत रीतीत सुरुवातीला शून्य कोणतं ते लिहायची सोय होती. २०१६ मध्ये ती इंटरनेटचं अधिकृत मानक झाली तेव्हा ती सोय काढून टाकली. आता जिओजेसन म्हटलं की डब्ल्यूजीएस ८४, रेखांश आधी, अक्षांश नंतर. लिहायचं काही नाही, म्हणून विसरायचंही काही नाही.

मोबाइलवर दुकान दाखवायला, बसथांबे मांडायला हे उत्तम. पण जमिनीच्या हद्दींना हे पुरेल असं मला वाटत नाही, कारण शून्य ठरवलं तरी जमीन जागेवर थांबत नाही. ऑस्ट्रेलियाचं भूखंड वर्षाला सुमारे ७ सेंटिमीटर सरकतं. १९९४ मध्ये ठरवलेले तिथले को-ऑर्डिनेट साचत साचत १.८ मीटरने चुकू लागले, म्हणून २०२० या वर्षाच्या नावाची नवी पद्धत आणावी लागली. आपलंही भूखंड वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतं. म्हणजे वीस वर्षांत मीटरभर. बांधाच्या वादात मीटर किती मोठा असतो, ते शेतकऱ्याला विचारा. तेव्हा अचूक कामात कोणतं शून्य, याबरोबर कोणत्या तारखेचं, हेही लिहावं लागतं. नव्या मानकांत त्याचीही तरतूद आहे.

आकड्यांइतकीच नावांचीही शून्यं हरवतात. पुण्याच्या आसपासच वडगाव मावळ, वडगाव शेरी, वडगाव बुद्रुक, वडगाव खुर्द अशी वडगावं आहेत. इंग्रजीत कोणी ते व्हीने लिहितो, कोणी डब्ल्यूने. जुन्या तक्त्यांत गावांची नावं युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेली असली, तर दुसऱ्या संगणकावर तिथे निरर्थक चिन्हांची रांग दिसते. आरोग्य खात्याची यादी, पाणीपुरवठ्याची यादी आणि गावच्या हद्दींचा नकाशा एकत्र करायला बसलेला माणूस निम्मा वेळ नावं जुळवण्यात घालवतो. केंद्राच्या पंचायत राज मंत्रालयाने स्थानिक शासन निर्देशिकेत प्रत्येक गावाला स्वतंत्र कोड दिलेला आहे. तो कोड तक्त्याच्या एका रकान्यात टाकला की कोणतं वडगाव हा प्रश्नच संपतो. याला तंत्रज्ञान लागत नाही, खर्चही नाही. सवय लागते.

२०२१ च्या फेब्रुवारीतल्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीय संस्थांना नकाशे करायला आणि वापरायला आधी परवानगी घेण्याची अट काढली. २०२२ च्या डिसेंबरात राष्ट्रीय भू-अवकाशीय धोरण आलं. दारं उघडली आहेत. आता आत येणाऱ्या माहितीवर तिचं शून्य लिहिलेलं असतं की नाही, हे मात्र रोजच्या कामात, टेबलाटेबलावर ठरणार आहे.

म्हणून वाचकांना एक विनंती. रोव्हरने, म्हणजे उपग्रहांवरून जागा मोजणाऱ्या यंत्राने, शेताची मोजणी करून घेतलीत, तर नकाशाच्या प्रतीबरोबर हद्दीच्या खुणांचे को-ऑर्डिनेट मागून घ्या. त्यांच्या वरच्या बाजूला डेटम, यूटीएमची पट्टी, उंची दिली असेल तर ती कुठल्या पातळीपासूनची, आणि मोजणीची तारीख, एवढं लिहून मागा. ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत, महाविद्यालयात तुमच्या हातून नकाशाची फाइल पुढे जात असेल, तर ती खुल्या प्रकारात द्या, ईपीएसजी क्रमांक फाइलच्या नावातच घाला, गावाच्या नावाशेजारी गावाचा कोड टाका. पीआरजे फाइल जुडीत आहे ना, हे पाठवण्यापूर्वी एकदा पाहा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि ते फक्त पाठवणाऱ्यालाच करता येतं.